वडिलांच्या उधारीसाठी आईचं घर जाईल का?

प्रश्न : वडिलांच्या तेराव्याला एक गृहस्थ 2017 ची वचनचिठ्ठी घेऊन आले. चार लाख द्या, नाहीतर सिडकोतल्या घरावर जप्ती आणतो, म्हणतात. घर आईने स्वतःच्या पगारातून घेतलेलं आहे. सही वडिलांची वाटत नाही.
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सर्वांत आधी, त्यांना काहीही लिहून देऊ नका. ‘थोडे आत्ता, बाकीचे सवडीने’ असं सहीनिशी कबूल केलंत, तर मुदत संपलेलं देणंही नव्या कराराने तुमच्या गळ्यात पडू शकतं. मागताक्षणी देय असलेल्या वचनचिठ्ठीवर दावा लावायची मुदत तिच्या तारखेपासून तीन वर्षं असते. मध्ये वडिलांनी लेखी कबुली दिली नसेल किंवा काही फेड केली नसेल, तर कोरोनाकाळातली सवलत धरूनही ही मुदत केव्हाच संपली आहे.

वारसाची जबाबदारी मृताकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. आईचं स्वकष्टार्जित घर त्यात येत नाही. बापाचं कर्ज फेडणं हा मुलाचा धर्म, या आधारावर 9 सप्टेंबर 2005 नंतरच्या कर्जाची वसुली न्यायालय मान्य करत नाही. तुम्ही स्वतः जामीन असाल, तर मात्र गोष्ट वेगळी.

वकिलामार्फत मूळ चिठ्ठी आणि पैसे दिल्याचा पुरावा मागा. सही खरी असल्याचं सिद्ध करणं त्यांचं काम. ते परवान्याविना सावकारी करत असतील, तर जिल्हा उपनिबंधकांकडे (सहकारी संस्था) तक्रार करा. दुखवट्याच्या घरात अशी धमकी देणं मला संतापजनक वाटतं.

दाव्याचं समन्स आलं, तर ते टाळू नका. महिला म्हणून आईंना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.