रजिस्टरमध्ये पाणी स्वच्छच होतं

सोसायटीचा स्विमिंग टॅंक ठेकेदाराच्या हवाली करून जे निर्धास्त झोपतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. थोडं माझ्यासाठीही. कारण मी होळीपासून जे सांगत होते ते मे महिन्यात लॅबच्या कागदावर छापून आलं तेव्हा कुठे कमिटीला पटलं, आणि त्यानंतरही ‘मॅडम, तुमचं बरोबर होतं’ एवढं म्हणायला कुणाची जीभ वळली नाही.

एप्रिलमध्ये मुलं लाल डोळे घेऊन वर यायला लागली. पाणी दुधी, भिंती बुळबुळीत, आणि जिन्यापर्यंत येणारा उग्र वास. ग्रुपवर फर्मान सुटलं, ‘क्लोरीन फार टाकतात, कमी करा.’ खरं तर उलट असतं. तो वास ताज्या क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, त्यांचा तो वास. असा वास आला की क्लोरीन कमी पडतोय असं समजावं. ठेकेदाराला हे ठाऊक नसेल असं मी मानत नाही. पण क्लोरीन कमी करायला सांगितलं की त्याचा माल वाचतो, तो कशाला बोलेल? वर आम्हालाच ऐकवलं, ‘तुमचे लोक आंघोळ न करता उतरतात.’ उतरतात, कबूल. पण लोक गेल्या वर्षीही तेच होते.

मी खजिनदार, केमिस्ट्रीशी दहावीनंतर संबंध नाही. मला कळलं ते बिलांवरून. दिवाळीपासून केमिकलच्या नावाखाली एकच माल आला होता, टीसीसीए, एकूण 50 किलो. सोडा अ‍ॅश नाही, दुसरं काही नाही, आणि भरतीला टॅंकरही जवळजवळ नाहीत. आता हे टीसीसीए पाण्यात विरघळलं की क्लोरीन देतं आणि मागे सायन्युरिक आम्ल ठेवतं. क्लोरीन उडून जातो, हे आम्ल जात नाही. उन्हानं नाही, बाष्पीभवनानं तर नाहीच. एका किलोमागे साधारण साडेपाचशे ग्रॅम. आमचा टॅंक 15 बाय 8 मीटर, सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे दीड लाख लिटर. करा हिशेब: 180 पीपीएमच्या वर. चालतं किती? 30 ते 50.

ठेकेदार हसला. ‘मॅडम, तो स्टॅबिलायझर असतो, उन्हात क्लोरीन टिकायला लागतोच.’ लागतो, हे खरंच आहे. पण प्रमाणाबाहेर गेला की तोच क्लोरीनला असा धरून ठेवतो की जंतू मारायला तो मोकळाच राहत नाही. चेअरमन म्हणाले, ‘तुम्ही आपले हिशेब बघा.’ अहो, हिशेबच बघत होते!

मग रजिस्टर मागवलं. पीएच 7.4, क्लोरीन 1.5. रोज, तिन्ही वेळा, एकाच पेनानं. धुळवडीला टॅंक बंद होता, फाटकाची किल्ली सेक्रेटरींच्या घरी होती. त्या दिवशीच्याही तीन नोंदी हजर. ते पान मी कमिटीपुढे ठेवलं तर ऑपरेटर पोरावर खापर फोडून ठेकेदार मोकळा. त्या पोराला पगार किती मिळतो आणि तो किती टॅंक सांभाळतो, हे कुणी विचारलं नाही.

लॅबचा अहवाल: सायन्युरिक आम्ल 160, मोकळा क्लोरीन 0.3, पीएच 6.9. टीसीसीए आम्लधर्मी असतं, सोडा अ‍ॅश न टाकता पीएच 7.4 राहणार कसा? उपाय एकच होता, पाणी बदलणे. 160 चं 40 करायचं तर चारातले तीन हिस्से पाणी काढायचं, म्हणजे दहा हजारी 11-12 टॅंकर, तेही पुण्यात, मे महिन्यात. त्याच्या शिव्या कुणाला पडल्या? बिल पास करणारीला.

आता तुमच्यासाठी. परीक्षा नळीत थेंब टाकून पिवळा रंग दाखवतात ते ओटीओ किट. ते एकूण क्लोरीन दाखवतं, त्यात निकामी झालेलाही आला. डीपीडीचं किट सोसायटीच्या पैशानं घ्या, ऑफिसात ठेवा आणि आठवड्यातून एकदा ठेकेदाराला न सांगता स्वतः तपासा. मोकळा क्लोरीन 1 ते 3, पीएच 7.2 ते 7.8, क्षारता 80 ते 120. एकूण आणि मोकळा यांत 0.5 हून जास्त फरक दिसला तर जाब विचारा. सायन्युरिक आम्ल महिन्यातून एकदा. उथळ बाजूला उभं राहून खोल भागाच्या तळाची जाळी स्पष्ट दिसली नाही तर टॅंक बंद, चर्चा नंतर. बुडालेलं मूलही त्या पाण्यात दिसणार नाही.

टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर एका बादलीत, एका मापानंसुद्धा, कधी घेऊ देऊ नका. आग लागते, विषारी वायू सुटतो. आमच्या पंपघरात दोन्हींची पोती एकमेकांना टेकून होती. केमिकल नेहमी पाण्यात टाकायचं, केमिकलवर पाणी ओतायचं नाही. पावसाळ्यात टॅंक पूर्ण रिकामा करू नका, जमिनीतल्या पाण्याच्या दाबानं तळ उचलला जातो. बाकी टोपी, शॉवर, फिल्टरचं बॅकवॉश हे सगळ्यांना माहीत असतं, करत कुणी नाही.

आणि करारात लिहून घ्या: महिन्याचं बिल बाहेरच्या लॅबच्या अहवालाशिवाय निघणार नाही, लॅब सोसायटी निवडेल, नमुना सोसायटीचा माणूस भरेल. नव्या करारात मी हे घातलंय. ‘इतका अविश्वास बरा नाही,’ असं चेअरमन म्हणाले. जुन्या ठेकेदाराचं शेवटचं बिल माझ्या टेबलावर आहे, त्यात ‘पाणी तपासणी शुल्क’ अशी वेगळी ओळ आहे. सही केलेली नाही.