विचारून काढलेला फोटो

(शिक्षणासाठी स्कॉटलंडमधील एडिनबरो शहरात राहणाऱ्या एका विद्यार्थ्याने रत्नागिरीला आपल्या धाकट्या बहिणीस हे पत्र लिहिले आहे. नव्या शहरातील एकटेपणा आणि फोटो काढण्याचा छंद यांविषयी त्याला काय उमगले, ते या पत्रातून समजते.)

एडिनबरो,
१६ फेब्रुवारी २०२५.

प्रिय मुन्नी,
अनेक आशीर्वाद.

आपण मोबाइलवर रोज बोलतो. तरीही तू हट्ट धरलास, "भाईजान, आम्हांला शाळेत पत्रलेखन शिकवले आहे. मला खरेखुरे पत्र पाठवा, तेही मराठीत!" तुझा हट्ट मोडवला नाही. सोबत एक फोटोही पाठवत आहे. पण पत्र वाचून होईपर्यंत तो पाहायचा नाही हं!

मी सप्टेंबरमध्ये येथे आलो, तेव्हा प्रत्येक गोष्टीचे नवल वाटे. पहिल्याच आठवड्यात भर दुपारी 'धाड्' असा आवाज झाला. मी दचकलो, पण आजूबाजूच्या लोकांनी शांतपणे आपापली घड्याळे पाहिली. किल्ल्यावरून रोज दुपारी एक वाजता तोफ उडवतात. पूर्वी बंदरातील जहाजांना वेळ कळावी म्हणून १८६१ साली ही प्रथा सुरू झाली. रविवारी मात्र तोफेला सुट्टी असते.

दुसरी गंमत ऐक. रेल्वे स्टेशनजवळच्या बाल्मोरल हॉटेलच्या मनोऱ्यावर मोठे घड्याळ आहे. ते मुद्दाम तीन मिनिटे पुढे ठेवतात, म्हणजे लोकांची गाडी चुकत नाही. फक्त ३१ डिसेंबरला ते बरोबर वेळ दाखवते. मला वाटले, ज्या शहराचे घड्याळच घाईत आहे, तेथील माणसांना माझ्याशी बोलायला सवड कोठून असणार?

आणि खरेच, सुरुवातीला कोणी बोलत नसे. सकाळी वर्ग, दुपारी प्रयोगशाळा, संध्याकाळी खोली. डिसेंबरात तर येथे पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. खिडकीतून अंधार पाहत मी एकटाच जेवायला बसे. तेव्हा आपल्या घरचा दस्तरखान आठवून घास घशाखाली उतरत नसे. तुम्हांला काळजी वाटेल, म्हणून मी फोनवर कधी सांगितले नाही.

निघताना मामूंनी मला त्यांच्या स्टुडिओतला जुना, रोलचा कॅमेरा दिला होता. एका रोलमध्ये छत्तीसच फोटो निघतात. शिवाय रोल महाग आणि धुण्याचा खर्च वेगळा. त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी दहादा विचार करावा लागतो. शनिवारी कॅमेरा गळ्यात अडकवून मी शहरात फिरू लागलो. किल्ला, उंच दगडी इमारती, त्यांच्यामधले अरुंद बोळ, टेकडीवरचे खांब यांचे फोटो काढले. पहिला रोल धुऊन आला, तेव्हा मी सगळे फोटो टेबलावर मांडले. फोटो स्वच्छ आले होते; पण छत्तीसपैकी एकाही फोटोत माणूस नव्हता. मी पाच लाख लोकांच्या शहरात राहत होतो आणि माझे शहर मात्र रिकामे होते.

मग ठरवले, आता माणसांचे फोटो काढायचे. लीथकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक म्हातारी बाई फुलांची टपरी चालवते. पिवळ्या फुलांच्या जुड्या बांधताना ती फार छान दिसत होती. मी रस्त्याच्या पलीकडून हळूच कॅमेरा रोखला आणि बटण दाबले. नेमके तेव्हाच तिने वर पाहिले. चटकन तोंडासमोर हात धरला आणि म्हणाली, "बाळ, आधी विचारले असतेस, तर मी टोपी तरी सरळ केली असती!"

ती ओरडली नाही. पण मला मान वर करता येईना. 'माफ करा' हे शब्दही तोंडातून निघाले नाहीत. मी तडक खोलीवर आलो. तुला आठवते ना, मिरकरवाडा जेटीवर एका पर्यटकाने मासे विकणाऱ्या खालाचा फोटो न विचारता काढला होता? खालाने ओढणी तोंडावर घेतली आणि दिवसभर ती कोणाशी बोलली नाही. तेव्हा आपल्याला त्या पर्यटकाचा किती राग आला होता! आज त्याच्या जागी मी होतो.

पुढच्या आठवड्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयात मला जुन्या फोटोंचे एक पुस्तक मिळाले. ते सारे फोटो याच शहरातल्या दोघांनी काढले होते. एक चित्रकार डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि दुसरा तरुण रॉबर्ट अ‍ॅडमसन. १८४३ साली साडेचारशेहून अधिक धर्मगुरू आपले जुने चर्च सोडून बाहेर पडले. त्या घटनेचे भव्य चित्र काढायचे हिलने ठरवले. पण इतके चेहरे लक्षात कसे राहणार? म्हणून त्याने अ‍ॅडमसनची मदत घेतली. कागदावर निगेटिव्ह तयार करण्याची रीत तेव्हा नवी होती. इंग्लंडमध्ये तिच्यावर पेटंट होते, स्कॉटलंडमध्ये नव्हते. अ‍ॅडमसनने ही रीत चांगली आत्मसात केली होती. शहरातील कॅल्टन टेकडीवरच्या घरात दोघांनी काम सुरू केले. हिलचे ते चित्र १८६६ साली पूर्ण झाले. पण आज लोक त्या दोघांना ओळखतात ते त्यांच्या फोटोंमुळे.

जवळच्या न्यूहेवन गावातील कोळी लोकांचेही त्यांनी फोटो काढले. तेथील स्त्रिया माशांनी भरलेली टोपली पाठीवर घेत, तिचा पट्टा कपाळावर अडकवत आणि चढ चढून शहरात मासे विकायला येत. त्या फोटोंतील स्त्रिया मला अगदी आपल्या खालासारख्या वाटल्या. ना लाज, ना भीती. आपल्या कामाचा अभिमान त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो.

मी विचार करू लागलो, या फोटोंत एवढा जिव्हाळा कोठून आला? मग उत्तर सापडले. त्या काळी फोटो क्षणात निघत नसे. चांगल्या उन्हातही पुष्कळ सेकंद, कधी मिनिटभरसुद्धा न हलता बसावे लागे. म्हणजे चोरून फोटो काढणे शक्यच नव्हते! आधी जाऊन बोलायचे, विश्वास मिळवायचा, समोरच्याने 'हो' म्हणायचे, मगच फोटो. १८४८ साली अवघ्या सव्विसाव्या वर्षी अ‍ॅडमसन वारला. पण जेमतेम साडेचार वर्षांत त्या दोघांनी हजारो फोटो काढले. आज आपला कॅमेरा वेगवान झाला आहे. पण म्हणून विचारण्याची गरज संपलेली नाही.

शनिवारी मी पुन्हा त्या टपरीवर गेलो. या वेळी कॅमेरा पिशवीत ठेवला होता. मी म्हणालो, "आजी, त्या दिवशी माझे चुकले. मला माफ करा. तो फोटो मी कोणालाही दाखवणार नाही." तिने माझ्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, "कोठून आलास?" मी आपल्या गावाचे, समुद्राचे, मासळीबाजाराचे वर्णन केले. तीही बोलू लागली. तिची आजी न्यूहेवनची, मासे विकणारी! बोलता बोलता अर्धा तास गेला. मग तिने स्वतःच टोपी सरळ केली आणि म्हणाली, "आता काढ."

फोटोची एक प्रत मी तिला नेऊन दिली. तिने ती टपरीत खिळ्याला लावली आहे. आता दर शनिवारी ती मला हाक मारते. तिच्यामुळे शेजारचा पाववाला बोलू लागला, ट्रामच्या थांब्यावरचे आजोबा बोलू लागले. शहर तेच, गर्दी तीच. पण आता त्या गर्दीत मला ओळखणारी चार माणसे आहेत.

परवा तिने विचारले, "मला तुझ्या आईचा फोटो दाखव." मी मोबाइल काढला. समुद्राचे फोटो होते, ईदच्या शिरखुर्म्याचे होते, तुझे तर शंभर होते. अम्मीचा मात्र एकही धड नव्हता. कोठे चुलीजवळ पाठमोरी, कोठे वाढताना नुसता हात. आपण सगळे फोटोसाठी बसत होतो, तेव्हा अम्मी आपल्यासाठी काही ना काही करत होती. मुन्नी, मी परक्या शहरातले चेहरे शोधत फिरलो आणि घरातला चेहराच राहून गेला.

म्हणून तुला एक काम सांगतो. अम्मीजवळ जाऊन बस. तिच्याशी गप्पा मार. मग विचार, "अम्मी, भाईजानसाठी तुझा एक फोटो काढू?" ती आधी नको म्हणेल, आग्रह कर, पण चोरून काढू नकोस. ती 'हो' म्हणाली, की खिडकीजवळच्या उजेडात काढ आणि मला पाठव.

आता सोबतचा फोटो पाहा. फुलवाली आजी कशी हसते आहे!

अब्बा व अम्मीस सलाम. मामूंना सांग, कॅमेरा उत्तम चालतो.

तुझा,
भाईजान

शब्दार्थ
उमगणे – समजणे. नवल – आश्चर्य. सवड – मोकळा वेळ. दस्तरखान – जेवण वाढण्यासाठी अंथरलेले कापड. तडक – न थांबता, सरळ. आत्मसात करणे – पूर्णपणे शिकून घेणे. जिव्हाळा – आपुलकी. निरखून – बारकाईने.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) किल्ल्यावरची तोफ कधी उडवतात?
(आ) पहिला रोल पाहून भाईजानला काय जाणवले?
(इ) न्यूहेवनच्या स्त्रिया टोपली कशी नेत असत?
२. कारणे लिहा.
(अ) हॉटेलचे घड्याळ तीन मिनिटे पुढे ठेवतात.
(आ) जुन्या काळी चोरून फोटो काढणे शक्य नव्हते.
३. वाक्यांत उपयोग करा : मान वर न करता येणे, हट्ट धरणे.
४. घरातील एखाद्या व्यक्तीशी बोला. तिची परवानगी घेऊन तिच्याविषयी आठ ओळी लिहा.