श्रीकेदारनाथ यात्रेची पूर्वतयारी

बारा ज्योतिर्लिंगांपैकी श्रीकेदारनाथ सुमारे ३,५८० मीटर उंचीवर विराजमान आहे. जून २०१३ च्या महापुरात रामबाड्याची जुनी वाट वाहून गेली. त्यानंतर मंदाकिनीच्या दुसऱ्या तीरावरून नवा मार्ग काढण्यात आला. गौरीकुंडापासून ही चढण सुमारे १६ किलोमीटरची असून तीत सुमारे १,६०० मीटर उंची चढावी लागते.

म्हणून भाविकांनी दोन महिने आधीपासून रोज चालण्याचा व जिने चढण्याचा सराव करावा. हृदयविकार, दमा वा रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शासकीय नोंदणी करावी. लोकरीचे कपडे, रेनकोट, काठी व नेहमीची औषधे जवळ ठेवावीत. बूट सवयीचे असावेत. गुप्तकाशी परिसरात एक मुक्काम करून पहाटे चढण्यास आरंभ करावा.

उंचीवर हवा विरळ होते. डोकेदुखी, मळमळ वा विश्रांती घेऊनही न थांबणारी धाप जाणवल्यास पुढे चढू नये. त्रास वाढल्यास विनाविलंब खाली उतरावे. दर्शन चुकेल या भीतीने पुष्कळजण त्रास लपवितात आणि तेच जिवावर बेतते. देह हे परमेश्वराचेच देणे आहे. त्याच्या रक्षणासाठी अर्ध्या वाटेवरून हात जोडून परतणाऱ्याची यात्रा निष्फळ होत नाही.