उघडे पोर्ट : करणी दुसऱ्याची, बदनामी आपली

दुकानाचा शिक्का आणि सही केलेले कोरे लेटरहेड गल्ल्यावर टाकून आपण जेवायला जाल काय? कोणी तिऱ्हाइताने त्यावर उधारीचा माल उचलला, तर वसुलीवाला आपल्याच दारी येणार. संगणकावरील उघडे प्रॉक्सी पोर्ट हा असाच प्रकार आहे.

प्रॉक्सी म्हणजे मुखत्यार. एका संगणकाची मागणी दुसरा संगणक स्वतःच्या पत्त्याने पुढे पाठवतो. १९९० च्या दशकात एकाच टेलिफोन लाइनवर दोन-चार संगणक चालवण्यासाठी 'विनगेट' हा प्रोग्राम वापरला जाई. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या बाहेरच्या कोणाचेही काम बिनदिक्कत स्वीकारत.

यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली फिनलंडमध्ये आयआरसी ही चॅटची पद्धत सुरू केली. तेथे त्रास देणाऱ्याचा पत्ता पाहून त्याला बंदी घालतात. एका पत्त्यावरून किती जोडण्या चालतील, यालाही मर्यादा असते. पण शंभर उघड्या प्रॉक्सी हाती असलेला एकच इसम शंभर पत्त्यांवरून शिरतो. मग बंदीही फुकट आणि मर्यादाही फुकट.

म्हणून अनेक सर्व्हर जोडणी येताच त्या संगणकाचे १०८०, ३१२८, ८०८० असे पोर्ट ठोठावतात आणि 'मला परत माझ्याकडेच जोडून दे' असे सांगतात. संगणकाने ते ऐकले, की प्रॉक्सी उघडी असल्याचे सिद्ध होते व बंदी येते. मालक निरपराध असला तरी सुटका नाही, कारण सर्व्हरला माणूस दिसत नाही, फक्त पत्ता दिसतो. असे पत्ते सामाईक काळ्या यादीतही जातात, आणि मग इतर ठिकाणचे दरवाजेही बंद होऊ शकतात.

ही गोष्ट जुनी झाली असे समजू नये. २०१८ साली मायक्रोटिक राउटरमधील एका दोषामुळे हजारो मालकांच्या नकळत प्रॉक्सी सुरू झाल्या. कंपनीने त्यावरील दुरुस्ती एप्रिलमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही, ते फसले.

तेव्हा व्यापारी बंधूंनी एवढे करावे : राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा, दुरुस्त्या वेळेवर बसवाव्यात, गरज नसलेली प्रॉक्सी बंद करावी आणि गरज असल्यास ती दुकानातील संगणकांपुरतीच ठेवावी. बंदी आलीच, तर सर्व्हरवाल्याशी भांडण्यापूर्वी आधी आपले पोर्ट तपासावे. दार बंद केल्यावर नाव काढून घेण्याची विनंती करता येते. दार उघडे ठेवून केलेली विनंती कोण ऐकणार?