श्यामनगरचा खोटा पत्ता

लातुरात वेबसाइट बनवून देण्याचं माझं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक क्लासवाले, मेसवाले, होस्टेलवाले. 2023 च्या उन्हाळ्यात मी जे केलं ते लिहून ठेवतो आहे, कारण तेच काम शिकायला निघालेली पोरं मला रोज भेटतात.

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे महिना-दीड महिन्यात वर्षभराचे प्रवेश उरकतात. तेवढ्या दिवसांत गुगलच्या पहिल्या पानावर दिसलं नाही तर वर्ष गेलं, असं क्लासवाल्यांना वाटतं. एका क्लासचे सर मला म्हणाले, "सगळेच करतात. तू नाही केलंस तर दुसरा करील." दुकानाचं भाडं थकलं होतं. मी हो म्हणालो.

मुखेड, देगलूर, कंधार, उदगीर, अहमदपूर अशा गावांच्या नावानं एकेक पान केलं. मजकूर तोच, फक्त गाव बदललेलं. पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'लातूर पॅटर्न' शेकडो वेळा टाकलं. वाचणाऱ्याला दिसत नाही, गुगलला दिसतं. हे नाव राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जादा तास आणि सराव परीक्षा घेऊन कमावलेलं आहे. ते मी असं वापरलं, याची आजही लाज वाटते. बॅकलिंक विकत घेतल्या, त्या जुगाराच्या साइटवरून येत होत्या. रिव्ह्यू दुकानात बसून आम्हीच लिहिले. नांदेडला शाखा नव्हती, तरी मॅपवर श्यामनगरचा पत्ता टाकला. तो एका मित्राच्या झेरॉक्स दुकानाचा होता.

तीन आठवड्यांत क्लास वर आला. सर खूश झाले.

जूनमध्ये मित्राचा फोन आला. मुखेडहून एक बाप लेकीला घेऊन आला होता. मी त्यांच्याशी बोललो. ते म्हणाले, "सर, आम्ही सकाळच्या एसटीनं आलाव. मॅप तर हितंच दाखवालाय." शाखा लातूरला हलवली, असं मी सांगितलं. तेही खोटंच. मित्र नंतर म्हणाला, वाट बघताना मुलीनं मार्कशीटच्या आणखी दोन झेरॉक्स काढून घेतल्या, प्रवेशाला लागतील म्हणून. पैसे तिच्या वडिलांनी कमरेच्या पिशवीतून मोजून दिले.

तोवर मी समजत होतो की आपण गुगलला फसवतो आहोत.

पुढं दिवाळीच्या सुमारास गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये कारवाईचा संदेश आला आणि क्लासची साइट शोधातून दिसेनाशी झाली. खरं तर असंच व्हायचं असतं. गावागावांची पानं हा प्रकार जुना आहे. अशाच पानांसाठी 2006 साली गुगलनं बीएमडब्ल्यूची जर्मन साइट शोधातून काढली होती. विकतच्या लिंकांवर 2012 च्या एप्रिलमध्ये पेंग्विन नावाचं अपडेटच आलं. बीएमडब्ल्यूएवढ्या मोठ्या कंपनीची गय झाली नाही, तिथं लातूरच्या क्लासची काय होणार? पानं उडवून, लिंका काढायला लावून, फेरविचाराचा अर्ज करून साइट परत यायला कित्येक महिने गेले. एक पूर्ण प्रवेशाचा हंगाम बुडाला, आणि सरांचे पैसे मी परत केले.

क्लासवाल्यांनो, कुणी पहिल्या नंबरची गॅरंटी देत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. अशी गॅरंटी कुणालाच देता येत नाही, हे गुगलच सांगतं. डोमेन, सर्च कन्सोल आणि मॅपवरची नोंद स्वतःच्या ईमेलवर ठेवा. लिंक कुठून आणल्या त्याची यादी लेखी मागा. यादी देत नसेल तर त्या विकतच्याच समजा. निकालाचे खोटे दावे तर आता कायद्याच्या कक्षेतच येतात: कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर 2024 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. असल्या दाव्यांऐवजी शिकवणारे कोण, फी किती, खोलीत किती मुलं बसतात, मेस कुठं, एवढं साइटवर खरं लिहा. पालक हेच शोधत असतात. हळूहळू वर येतं, पण टिकतं.

आणि आजच मोबाइलवर आपल्या क्लासचा पत्ता उघडून बघा. तिथं शाखा नसेल तर तो संध्याकाळच्या आत काढून टाका.