दुकानाची हद्द आणि घराचे समाधान

प्रश्न : माझे किराणा मालाचे छोटे दुकान आहे. धंदा बरा चालतो. पण जेवतानाही मन गल्ल्यापाशीच असते आणि घरच्यांशी निवांत बोलणे होत नाही. काय करावे?

उत्तर : आपल्या अस्वस्थतेचे मूळ श्रमाधिक्यात नसून दुकान आणि संसार यांमधील हद्द पुसली जाण्यात आहे. जोवर घरखर्चाची रक्कम लागेल तशी गल्ल्यातून उचलली जाते, तोवर नफा किती हे किर्दीला कळत नाही आणि पुरेसे किती हे मनाला उमगत नाही. यास्तव प्रथम स्वतःस दरमहा निश्चित वेतन नेमून द्यावे व ते इतर खर्चाप्रमाणेच रीतसर खर्ची टाकावे. पैशाप्रमाणेच वेळेचीही हद्द आखावी. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमाने दुकानांवर साप्ताहिक बंदचे बंधन घातले होते. २०१७ च्या कायद्याने वर्षभर दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिल्यापासून, जी विश्रांती पूर्वी सरकार सक्तीने देत असे, ती आता मालकाच्या विवेकाधीन झाली आहे. तेव्हा एक वार मुक्रर करून तशी पाटी लावावी. गिऱ्हाईक काही दिवस कुरकुरेल, मग आदल्या दिवशीच जिन्नस नेऊ लागेल. रोजमेळ मात्र दुकानातच पुरा करावा, वही घरी आणू नये.