नंदुरबारची जुनी पेठ

आमचे म्हसावद गाव सातपुड्याच्या पायथ्याशी वसले आहे. तेथून शहाद्यास यावे, पुढे प्रकाशे येथे तापीचा लांबरुंद पूल ओलांडावा, म्हणजे नंदुरबारची वाट लागते. गेल्या माघ महिन्यात आमचा सातवीचा वर्ग याच वाटेने सहलीस निघाला. पुलावर गुरुजींनी विचारले, "सुरतेचा माल पूर्वी बऱ्हाणपुरास कोणत्या गावावरून जात असे?" कोणीच उत्तर दिले नाही. "आपण निघालो आहोत, त्याच गावावरून!" ते हसून म्हणाले.

शहर जवळ आल्याची वर्दी आमच्या नाकांनी दिली. रस्त्यालगतच्या मोकळ्या रानात लाल मिरचीचे गालिचे पसरले होते. या वाळवणाच्या जागेला इकडे पथारी म्हणतात. एस.टी.तील निम्मी मुले शिंकू लागली, तेव्हा गुरुजींचे व्याख्यान काही काळ थांबले. बाजाराचे हे गाव आजही मिरचीच्या व्यापारासाठी दूरवर प्रसिद्ध आहे.

नंद गवळी राजाच्या नावावरून गावाला हे नाव मिळाले, अशी आख्यायिका आहे. तिचा पुरावा मिळत नाही. परंतु गावाचे प्राचीनत्व परदेशी प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी 1342 च्या सुमारास देवगिरीहून खंबायतेकडे जाताना येथे आला होता. येथील मराठे कारागिरीत निष्णात आहेत, त्यांच्यात वैद्य व ज्योतिषी आहेत, भात, भाजी व तिळाचे तेल हा त्यांचा आहार आहे, असे त्याने नमूद केले. 1610 मध्ये विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याला येथे अनेक कबरी, एक गढी आणि सुंदर तलाव दिसला. पुढे 1666 मध्ये इंग्रजांनी येथे वखारच घातली. एवढी ये-जा असलेल्या गावात घरेही तशीच भक्कम उभी राहिली असल्यास नवल काय?

माणिक चौकात आम्ही प्रथम शिरीषकुमारच्या स्मारकापुढे मस्तक नमविले. 9 सप्टेंबर 1942 रोजी मिरवणुकीवर झालेल्या गोळीबारात तो आणि त्याचे चार सोबती धारातीर्थी पडले. तो आमच्याहून थोडाच मोठा होता.

मग आम्ही गल्लीबोळांत शिरलो. एका घरापुढे गुरुजी थबकले. दगडी जोते, त्यावर ओटा, आणि ओट्यावर सागाचे चार काळेभोर खांब. प्रत्येक खांब तळखड्यावर, म्हणजे घडीव दगडावर, उभा होता. त्यामुळे ओल व वाळवी लाकडापर्यंत पोहोचत नाही. खांबांच्या माथ्यावरील कोरीव हस्त तुळयांचा भार पेलत होते. वर मातीचे धाबे. वैशाखात खानदेश भाजून निघतो, तेव्हा अशा घरात गारवा असतो.

ओट्यावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. "आबा, घर किती जुने असेल?" गुरुजींनी विचारले.

"माझ्या आजोबांच्या आधीचे. पण आता नीट पाहून घ्या, मास्तर. पुढच्या महिन्यात हे उतरवायचे आहे."

आम्हा मुलांना वाईट वाटले. "आबा, नका ना पाडू!" आमच्यातील एक मुलगी एकदम म्हणाली.

आबा रागावले नाहीत. "पोरी, पावसाळ्यापूर्वी दरवर्षी धाब्यावर खारी माती टाकावी लागते. ती आणायला आता गाडीवान मिळत नाही, पसरायला माणूस मिळत नाही. गेल्या श्रावणात रात्रभर घरात भांडी मांडून बसलो. मुलांनी स्लॅबचे घर मागितले, तर त्यांचे काय चुकले?"

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. गुरुजींपाशीही नसावे, कारण तेही गप्प राहिले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आबा, मुलांनी मापे घेतली तर चालेल?"

"खुशाल घ्या."

मग काय! कोणी दोरीने खांबांचा घेर मोजला, कोणी जोत्याची उंची. दोघांनी तुळया मोजल्या आणि दोघांचीही संख्या निराळी आली. मी दारालगतच्या हस्ताचे चित्र काढले. त्यावर वेल होती आणि वेलीवर एक पोपट. आबांनी चष्मा लावून माझी वही बराच वेळ न्याहाळली.

"एक पोपट राहिला," ते म्हणाले. "तो या बाजूला होता. लहानपणी विटीदांडू खेळताना माझ्याच विटीने त्याची चोच उडाली, आणि पुढे तो सगळाच गळून पडला. काढ, तोही काढ."

मी पेन्सिल घेतली. पोपट कोणीकडे तोंड करून होता, हे आबा बोटाने हवेत दाखवीत होते.